आधी उतरवा, मग ऐका : ओव्हरकास्ट या ॲपची चिकित्सा

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. संगणकाच्या आज्ञावलीचे परीक्षण मात्र मराठीत क्वचितच वाचायला मिळते. मिळते तेही बहुधा जाहिरातीच्या अंगाने : अमुक सोय आहे, तमुक नाही, किंमत एवढी. वास्तविक आज्ञावली हीसुद्धा कोणीतरी विचार करून उभी केलेली रचना असते. तिच्यात कर्त्याचे निर्णय असतात, त्याच्या आवडीनिवडी असतात, आणि ती वापरणार कोण याविषयीची त्याची एक समजूतही असते. या सगळ्याची चिकित्सा करता येते आणि ती करायला हवी, असे आम्हाला वाटते.

या लेखासाठी आम्ही ओव्हरकास्ट हे ॲप निवडले आहे. पॉडकास्ट उतरवून घेऊन ऐकण्याचे हे आयफोनवरचे ॲप मार्को आर्मेंट या अमेरिकन गृहस्थांनी एकट्याने लिहिले. १६ जुलै २०१४ रोजी ते प्रसिद्ध झाले. बरोबर दहा वर्षांनी, १६ जुलै २०२४ रोजी, त्याची जवळजवळ संपूर्ण नव्याने लिहिलेली आवृत्ती आली. तिच्यात आर्मेंट यांनी एक जुनी सोय काढून टाकली आणि पुष्कळ जुने वापरणारे नाराज झाले. आमच्या बहुतेक वाचकांकडे आयफोन नसेल याची आम्हाला कल्पना आहे. तरीही ही हकिगत पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यातला प्रश्न कोणत्याही फोनवर, कोणत्याही गावात उभा राहतो : फाईल पूर्ण उतरवून मग ऐकावी, की उतरत असतानाच ऐकावी?

आधी पॉडकास्ट आपल्यापर्यंत पोचतो कसा ते पाहू. आकाशवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. त्या वेळी आपण रेडिओपाशी नसलो तर तो गेला. पॉडकास्टचे तसे नाही. कार्यक्रम करणारा आपले ध्वनिमुद्रण एका साध्या फाईलच्या रूपात महाजालावरच्या संगणकावर ठेवतो आणि सोबत एक यादी ठेवतो. या यादीला फीड म्हणतात. ती निव्वळ मजकुराची फाईल असते. प्रत्येक भागाचे नाव, तारीख, दोन ओळींचे वर्णन आणि ध्वनिफाईल कोठे आहे तो पत्ता, एवढेच तिच्यात असते. नवा भाग निघाला की यादीत एक नोंद वाढते. ऐकणाऱ्याचे ॲप अधूनमधून यादी वाचते, नवी नोंद दिसली की दिलेल्या पत्त्यावरून फाईल आणते. मध्ये कोणी मक्तेदार नाही, परवाना देणारा नाही. यादी वाचता येणारे कोणतेही ॲप कोणताही पॉडकास्ट ऐकवू शकते.

यादीची ही पद्धत, आरएसएस, नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये आणली. ती आणली होती मजकुरासाठी. निरनिराळ्या ठिकाणचे मथळे एका जागी वाचता यावेत म्हणून. तिच्यातून ध्वनीही पाठवता येईल ही कल्पना २००० सालातली. एमटीव्हीचे माजी निवेदक ॲडम करी यांची तक्रार अशी होती की दुव्यावर टिचकी मारायची आणि मग फाईल येईपर्यंत ताटकळत बसायचे, यात ऐकण्याची गोडीच निघून जाते. मग संगणकाने ती फाईल आपण झोपलेले असताना, रात्रीच्या वेळी, आणून का ठेवू नये? आज्ञावलीकार डेव्ह वायनर यांना हे पटले. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी आरएसएसच्या ०.९२ या आवृत्तीत 'एन्क्लोजर' नावाची एक खूण घातली. पत्रासोबत जोडलेली वस्तू, असा तिचा अर्थ. तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या : फाईलचा पत्ता, फाईलचा प्रकार आणि फाईलची लांबी, बाइटमध्ये. ही तिसरी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. 'पॉडकास्टिंग' हा शब्द त्यानंतरचा, फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांनी 'गार्डियन'मध्ये वापरलेला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि ही हौशी मंडळींची गोष्ट घरोघरी गेली.

म्हणजे आधी उतरवा आणि मग ऐका, हे पॉडकास्टच्या जन्मापासूनचे तत्त्व आहे. उतरत असतानाच ऐकणे, ज्याला स्ट्रीमिंग म्हणतात, ते नंतर फोनवरचे नेट वेगवान झाल्यावर रूढ झाले.

आता आर्मेंट यांच्याकडे वळू. टंबलरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर २००८ मध्ये त्यांनी इन्स्टापेपर काढले. महाजालावरचा लेख आत्ता जतन करायचा आणि सवडीने वाचायचा, हे त्याचे काम. ओव्हरकास्टची मूळ वृत्ती तीच आहे, फक्त वाचण्याच्या जागी ऐकणे आले. जमवून ठेवा, मग निवांत बसा. ही वृत्ती एकदा ओळखली की या माणसाचे पुढचे बरेच निर्णय उलगडतात.

ॲप गाजले ते मुख्यतः दोन सोयींमुळे. पहिली 'स्मार्ट स्पीड'. बोलताना माणूस थांबतो, श्वास घेतो, विचार करतो. ध्वनीची फाईल म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. आवाजाची पातळी काही काळ ठरावीक मर्यादेच्या खाली राहिली तर तेथे शांतता आहे, हे आज्ञावलीला आकड्यांवरून कळते. मग ती शांतता थोडी आखूड करायची, शब्दांना हात लावायचा नाही. सरळ वेग वाढवला तर आवाज घाईचा वाटतो. येथे तसे होत नाही आणि तासामागे काही मिनिटे वाचतात. या युक्तीने आपले एकूण किती तास वाचले हे ॲप मोजून दाखवतेसुद्धा. हिशोब चोख आहे, पण आमचे मत थोडे वेगळे पडते. चांगला वक्ता प्रश्न टाकून थांबतो ते उगाच नाही. वर्गात प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प राहणे किती मोलाचे असते हे शिक्षकांना सांगायला नको. बातम्या आणि गप्पांसाठी ही सोय उत्तम. कथावाचनासाठी किंवा गणिताच्या स्पष्टीकरणासाठी ती बंद ठेवावी.

दुसरी सोय 'व्हॉइस बूस्ट'. एक पाहुणा मोठ्याने बोलतो, दुसरा टेलिफोनवरून पुटपुटतो, आणि ऐकणारा सारखा आवाजाचे बटण दाबत राहतो. यावर आर्मेंट यांनी जो उपाय केला तो २०२० मध्ये बराच सुधारला. आवाज 'मोठा' वाटणे ही गोष्ट नुसत्या लहरींच्या उंचीवर अवलंबून नसते. कान सर्व कंप्रतांना सारखा दाद देत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये मोठेपणा मोजण्याचे एक मानक ठरवले. त्यात निरनिराळ्या कंप्रतांना कानाच्या स्वभावाप्रमाणे कमीजास्त वजन दिले जाते. नवा व्हॉइस बूस्ट या मानकाने मोजमाप करून सगळे कार्यक्रम एका पातळीला आणतो. गोंगाटाच्या रस्त्यावर ऐकणाऱ्याला याचे महत्त्व पटेल. या भागाविषयी आमची काहीच तक्रार नाही. एकट्या माणसाने केलेले हे काम एखाद्या ध्वनिमुद्रणशाळेला शोभावे असे आहे.

वापरणाऱ्याला न दिसणारा एक भाग आहे तो यादी वाचण्याचा. फीड स्वतःहून काही कळवत नाही. ज्याला हवे त्याने जाऊन विचारायचे. समजा, एका कार्यक्रमाचे एक लाख श्रोते आहेत आणि प्रत्येकाचा फोन तासातासाला यादी तपासतो. दिवसाला चोवीस लाख वेळा विचारणा झाली, नवा भाग मात्र आठवड्यातून एकच. एसटी स्थानकात पन्नास उतारूंनी दर पाच मिनिटांनी चौकशीच्या खिडकीशी जाऊन 'गाडी लागली का?' विचारण्यासारखे आहे हे. ओव्हरकास्टमध्ये विचारण्याचे काम फोन करत नाहीत, आर्मेंट यांचे संगणक करतात. एकाने जाऊन विचारायचे आणि सगळ्यांना सांगायचे. त्यातही 'मागच्या वेळेपासून काही बदलले आहे का?' असे विचारण्याची सोय आहे. बदल नसेल तर समोरचा संगणक ३०४ हा आकडा परत पाठवतो. म्हणजे जुनीच प्रत चालू द्या. संपूर्ण यादी पुन्हा पाठवावी लागत नाही. फोनची बॅटरी वाचते, कार्यक्रम करणाऱ्यावरचा भार हलका होतो. किंमत एवढीच की आपण काय काय ऐकतो ते त्या एका माणसाच्या संगणकाला ठाऊक असते, आणि तो संगणक बंद पडला तर सगळ्यांचीच चौकशीची खिडकी बंद होते.

आता २०२४ च्या नव्या आवृत्तीविषयी. ओव्हरकास्ट पहिल्यांदा लिहिले गेले ते ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत. गंमत अशी की ते प्रसिद्ध होण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, जून २०१४ मध्ये, ॲपलने स्विफ्ट ही नवी भाषा जाहीर केली होती. घर बांधून होते न होते तोच गावाचा रस्ता दुसरीकडून काढला जावा, तसे झाले. दहा वर्षे आर्मेंट जुन्या घराला डागडुजी करत राहिले. मग सुमारे दीड वर्ष खपून त्यांनी ॲपचा बहुतेक भाग स्विफ्टमध्ये पुन्हा लिहिला.

चालते काम मोडून नव्याने लिहू नये, असा या धंद्यातला एक जुना दंडक आहे. त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण नेटस्केपचेच. त्या कंपनीने आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला; चौथी आवृत्ती १९९७ ची, पाचवी कधी आलीच नाही, सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार काबीज केला होता. जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली यावर लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. त्यांचा मुद्दा असा : जुन्या आज्ञावलीतल्या ज्या ओळी ओबडधोबड दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा कोठल्या ना कोठल्या अडचणीवर काढलेला तोडगा असतात. ओळ पुसली की ते ज्ञानही पुसले जाते.

हा दंडक ओव्हरकास्टला जसाच्या तसा लागू करता येत नाही, असे आम्हाला वाटते. नेटस्केपमध्ये जुने लिहिणारे आणि नवे लिहिणारे यांत अंतर होते. येथे दोन्ही वेळा लिहिणारा एकच आहे. कोणती ओळ का घातली हे त्याला आठवत असण्याचा संभव पुष्कळ. शिवाय एकटा माणूस ज्या आज्ञावलीला हात लावायला कंटाळतो ती आज्ञावली हळूहळू मरते. तिला दुसरे कोणी सांभाळणारे नसते. नवी आवृत्ती अधिक चपळ झाली आणि दृष्टिहीनांना वापरायला अधिक सोपी व्हावी यासाठी तीत मेहनत घेतली गेली. नव्याने लिहिण्याचा निर्णय आम्हाला रास्त वाटतो. वाद आहे तो काय वगळले याचा.

वगळले ते स्ट्रीमिंग. नव्या आवृत्तीत न उतरवलेल्या भागावर बोट ठेवले की तो आधी संपूर्ण उतरणार आणि मगच सुरू होणार. जुन्या आवृत्तीत थोडासा भाग आला की आवाज सुरू होई. आर्मेंट यांनी कारण दिले ते जाहिरातींचे. मोठ्या पॉडकास्टांमध्ये आता जाहिराती ऐन वेळी घातल्या जातात आणि त्यामुळे स्ट्रीमिंगमध्ये घोटाळे होतात, असे त्यांचे म्हणणे. नुसते ऐकले तर हे निमित्त वाटेल. पण येथे विज्ञान त्यांच्या बाजूचे आहे. तो घोटाळा नेमका काय, ते पाहू.

पूर्वी पॉडकास्टची फाईल एकच असे. निवेदक जाहिरात स्वतः वाचे आणि ती फाईलचाच भाग होई. मुंबईत उतरवा की न्यूयॉर्कमध्ये, आज उतरवा की वर्षाने, बाइट तेच. आता कार्यक्रम एक तुकडा आणि जाहिराती वेगळे तुकडे, असे ठेवतात. कोणी फाईल मागितली की त्या क्षणी, मागणारा कोठून मागतो आहे ते पाहून, तुकडे जोडून फाईल बनवतात. त्यामुळे एकाच पत्त्यावरून दोनदा मागितलेली फाईल दोन वेळा निराळी निघू शकते. मघाशी सांगितलेली एन्क्लोजरमधली लांबीची नोंद येथे खोटी पडते. यादी एक लांबी सांगते, हातात दुसरीच येते. वीस वर्षांहून जुन्या पद्धतीने गृहीत धरले होते की फाईल म्हणजे एक स्थिर वस्तू. ते गृहीतच मोडले.

स्ट्रीमिंगमध्ये फाईल तुकड्यातुकड्याने मागवली जाते. नेट तुटले, फोन खिशात झोपी गेला, ऐकणाऱ्याने पुढे उडी मारली, की ॲप म्हणते, 'मला अमुक क्रमांकाच्या बाइटपासून पुढचे द्या.' फाईल बदललेली नसेल तर यात काही अडचण नाही. बदललेली असेल तर काय होईल? सेकंदाला १२८ किलोबिट या दराची फाईल घ्या. म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट, दहा मिनिटांचे ९६ लाख बाइट. पहिल्या वेळी फाईल मिळाली तिच्या आरंभी ३० सेकंदांची जाहिरात होती. दहा मिनिटे झाली, म्हणजे मूळ कार्यक्रमाची साडेनऊ मिनिटे ऐकून झाली, आणि नेट तुटले. ॲपने ९६ लाखाव्या बाइटपासून पुढचे मागितले. या वेळी जोडलेल्या फाईलच्या आरंभी मात्र ६० सेकंदांची जाहिरात आहे. तिच्यात ९६ लाखाव्या बाइटपाशी कार्यक्रमाची नऊच मिनिटे झालेली असतात. ऐकणाऱ्याला अर्धा मिनीट पुन्हा ऐकू येते. उलट घडले, आधी मोठी जाहिरात आणि नंतर छोटी, तर अर्धा मिनीट गायब होते आणि ते गेल्याचे कळतही नाही.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. कागदाच्या दोन लांब पट्ट्या घ्याव्यात. दोन्हींवर तोच मजकूर सारख्या अंतराने लिहावा, पण एकीच्या आरंभी ३ सेंटिमीटर आणि दुसरीच्या आरंभी ६ सेंटिमीटर रंगीत कोरी जागा सोडावी. दोन्ही पट्ट्या वीस सेंटिमीटरवर कापून पहिलीचा आधीचा तुकडा दुसरीच्या नंतरच्या तुकड्याला चिकटवावा आणि वाचून पाहावे. आठवीच्या मुलांना ते क्षणात उमगते.

यावर महाजालाच्या नियमांत एक उपाय आहेच. प्रत्येक फाईलला सर्व्हर एक ओळखखूण देऊ शकतो. पुढचा तुकडा मागताना ॲपने ती खूण दाखवायची आणि म्हणायचे, 'फाईल हीच असेल तर पुढचा तुकडा द्या, नसेल तर सगळी फाईल पहिल्यापासून द्या.' सर्व्हर खूण प्रामाणिकपणे पाळत असेल तर भलतेच सांधले जात नाही. परंतु उत्तर 'फाईल बदलली' असे आले तर? ऐकणारा वाक्याच्या मध्यावर आहे आणि ॲपच्या हातात एक नवी फाईल आहे, जिच्यात ते वाक्य नेमके कोठे आहे हे त्याला माहीत नाही. म्हणून आर्मेंट म्हणतात, एकदाच मागा, एका दमात पूर्ण घ्या, जपून ठेवा. मग उडी मारा, मागे या, उद्या ऐका. फाईल बदलत नाही. रोगनिदान अचूक आहे.

औषध मात्र जालीम आहे, आणि ते कोणाला पचेल याचा विचार पुरेसा झालेला दिसत नाही. हिशोब करू. वरच्याच दराने एका तासाच्या कार्यक्रमाची फाईल ५७.६ मेगाबाइटची होते, म्हणजे सुमारे ४६१ मेगाबिट. सेकंदाला २० मेगाबिट मिळत असतील तर ती २३ सेकंदांत उतरते. तेवढे थांबायला कोणाची हरकत नसावी. सेकंदाला १ मेगाबिटच मिळत असेल तर पावणेआठ मिनिटे लागतात. २०० किलोबिट मिळत असतील तर ३८ मिनिटे! गंमत पाहा, उतरत असताना ऐकायला लागतात सेकंदाला फक्त १२८ किलोबिट. म्हणजे या तिन्ही ठिकाणी स्ट्रीमिंग न अडखळता चालले असते. नेट जितके संथ, तितकी पूर्ण उतरवण्याची सक्ती जाचक. न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या आज्ञावलीकाराच्या टेबलावर जो निर्णय निरुपद्रवी ठरतो, तो डोंगरातल्या गावात एक दांडी धरून बसलेल्या माणसाला अर्धा तास ताटकळत ठेवतो. ॲडम करी यांची २००० सालची तक्रार आठवा. ती याच ताटकळण्याबद्दल होती.

पैशांचा मुद्दाही आहे. अनोळखी कार्यक्रम पाच मिनिटे ऐकून आवडला नाही म्हणून सोडला, तर स्ट्रीमिंगमध्ये पाचच मिनिटांचा डेटा जातो. पूर्ण उतरवण्यात सगळ्या तासाचा जातो, फोनमधली जागा अडते ती वेगळीच.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. संथ नेट वेगळे आणि तुटक नेट वेगळे. घाटात दर वळणावर नेट जात असेल तर स्ट्रीमिंग कुचकामाचे. घरून निघताना उतरवून घेतलेली फाईलच कामाची. शाळेत नेट नाही पण तालुक्याच्या गावी आहे, अशा ठिकाणच्या शिक्षकांसाठी उतरवणे हाच खरा मार्ग.

आमच्या मते मधला रस्ता होता. फाईल एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका मागणीत घ्यायची, ती फोनमध्ये साठवत जायची आणि साठलेला भाग तोवर ऐकवायचा. एकाच मागणीतून आलेले बाइट एकाच फाईलचे असतात, त्यामुळे सांधा चुकण्याचा प्रश्न नाही. मध्येच नेट तुटले तर ओळखखूण दाखवून पुढचे मागायचे. फाईल बदलली असेल तर त्याच वेळी ऐकणाऱ्याला थांबायला सांगायचे. न उतरलेल्या भागात उडी मारायची असेल तर थोडा धीर धरावा लागेल, इतकेच. एमपीथ्री फाईल छोट्या छोट्या चौकटींची मालिका असते, म्हणून अर्धी आलेलीही वाजवता येते. एम-फोर-ए प्रकारात अडचण येऊ शकते, कारण तिची अनुक्रमणिका कधी कधी फाईलच्या शेवटी असते. तेवढ्यापुरते पूर्ण उतरू द्यावे. यात कामाचा भार वाढतो हे खरे. दोन रीती सांभाळाव्या लागतात, आणि दोन्हींच्या चुका निस्तरणारा माणूस एकच आहे. अचूकपणा आणि सोय यांत आर्मेंट यांनी अचूकपणा निवडला याबद्दल आदर वाटतो. पण निवडीचा अधिकार ऐकणाऱ्याला ठेवायला हवा होता.

एकट्याच्या कामाविषयी सर्रास एक शंका घेतली जाते : हा माणूस उद्या कंटाळला तर? शंका वाजवी आहे, पण पुरावा उलटा सांगतो. गूगलने २०१८ मध्ये स्वतःचे पॉडकास्ट ॲप काढले आणि २०२४ मध्ये ते बंद केले. त्याच वर्षी या एकट्या माणसाचे ॲप दहा वर्षांचे झाले. पैसे मिळवण्याच्या त्याच्या धडपडीही उघड्यावर झाल्या आहेत. २०१४ मध्ये ॲप फुकट आणि सगळ्या सोयींसाठी एकदाच ४.९९ डॉलर. २०१५ मध्ये सगळेच फुकट आणि ऐच्छिक वर्गणी. २०१६ मध्ये जाहिराती, आणि त्या नको असतील तर वर्षाला ९.९९ डॉलर. आधी गूगलमार्फत आलेल्या जाहिराती होत्या. पुढे त्या काढून आर्मेंट स्वतःच जाहिराती विकू लागले, आणि त्याही बहुतेक पॉडकास्टांच्याच. फाईलमधल्या ऐन वेळच्या जाहिरातींनी ज्याला छळले त्याचे पोटही जाहिरातींवरच, हे थोडे विनोदी आहे खरे. पण त्याच्या जाहिराती पडद्यावर असतात. त्या बाइट हलवत नाहीत.

शिवाय श्रोता अडकून पडत नाही. आपण लावलेल्या सगळ्या फीडांची यादी ओपीएमएल नावाच्या साध्या फाईलमध्ये ओव्हरकास्टमधून बाहेर काढता येते आणि दुसऱ्या ॲपमध्ये भरता येते. गूगलचे ॲप बंद झाले तेव्हाही लोक याच वाटेने बाहेर पडले.

अँड्रॉइड फोन असलेल्या वाचकांनी अँटेनापॉड हे ॲप पाहावे. २०१२ मध्ये आलेले हे ॲप स्वयंसेवक मंडळी सांभाळतात, ते विनामूल्य आहे आणि त्याची आज्ञावली कोणालाही वाचायला खुली आहे. त्यात उतरवणे आणि स्ट्रीमिंग दोन्ही आहे. उतरवणे फक्त वायफायवर व्हावे, ऐकून झालेला भाग आपोआप पुसला जावा, असे त्यात ठरवता येते. वर्गात ऐकवायचा भाग असेल तर तो आदल्या दिवशी उतरवून एकदा शेवटपर्यंत ऐकावा. ऐन वेळच्या जाहिराती त्यातही असणारच, आणि त्या कशाच्या निघतील हे आधी सांगता येत नाही. उतरवलेल्या फाईलमध्ये निदान त्या बदलणार नाहीत.